पटावरून पडद्यावर

कोकणात आषाढ लागला म्हणजे मुलांच्या खेळांची जागाच बदलते. रत्नागिरीच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या पावस गावाचेच उदाहरण घ्या. चैत्र-वैशाखात जी मुले आमराईतून आणि जांभ्या दगडाच्या सड्यावरून क्रिकेट नाहीतर विटीदांडू खेळत हिंडत असतात, तीच मुले पावसाची झड बसली की ओटीवर आणि पडवीत येऊन बसतात. पूर्वी अशा दिवसांत सोंगट्यांचा पट उलगडे, सागरगोटे निघत, पत्त्यांचे डाव रंगत. आता बहुधा एका मोबाइलभोवती चार डोकी एकत्र आलेली दिसतात. घरातील वडील मंडळी म्हणतात, “अभ्यास सोडून हा कसला खेळ?” मुले उत्तर देतात, “यातूनही शिकायला मिळते!” हा वाद आज घरोघरी चालतो. त्यात कोणाचे किती खरे, हे नीट पाहण्यासाठी मोबाइल जरा बाजूला ठेवून एका फार जुन्या खेळाकडे वळावे लागेल.

पावस हे गाव सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे ते स्वामी स्वरूपानंदांमुळे. १९०३ साली या गावी त्यांचा जन्म झाला आणि १९७४ साली येथेच त्यांनी देह ठेवला. ज्ञानेश्वरीतील ओव्यांचा अर्थ सोप्या अभंगांत आणून त्यांनी अभंग ज्ञानेश्वरी सिद्ध केली. ज्या ज्ञानेश्वरांचा ग्रंथ त्यांनी असा सुलभ करून दिला, त्यांच्याच नावाशी महाराष्ट्राच्या परंपरेने एक खेळ जोडलेला आहे. त्या खेळाचे नाव मोक्षपट. ज्ञानेश्वरांनी तो रचला असे परंपरा सांगते; आज पाहावयास मिळणारे जुने पट मात्र बहुतेक अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहेत.

मोक्षपट दिसायला तुमच्या ओळखीचा वाटेल, कारण आजची सापशिडी ही त्याच घराण्यातील आहे. कापडावर किंवा कागदावर घरे आखलेली असत. खेळणारा कवड्या टाकी आणि जितके दान पडे तितकी घरे आपली सोंगटी पुढे नेई. पण या घरांत नुसते आकडे नसत. प्रत्येक घराला नाव असे. जेथून शिडी वर जाई, तेथे दया, सत्य, भक्ती यांसारखे सद्गुण लिहिलेले. जेथे सापाचे तोंड, तेथे क्रोध, लोभ, मत्सर. क्रोधाच्या घरात सोंगटी पडली की साप तिला गिळून थेट खाली आणून सोडी. सर्वांत वर मोक्षाचे किंवा वैकुंठाचे घर. असे पट केवळ एका पंथाचे नव्हते. वैष्णवांचे होते तसे जैनांचेही होते, आणि प्रत्येकाने आपापल्या विचाराप्रमाणे घरांची नावे घातली होती.

आता एक शंका मनात येते. सोंगटी दयेच्या घरात जाते, ती खेळणाऱ्याने दया दाखवली म्हणून नव्हे, तर कवड्यांनी तसे दान दिले म्हणून. लोभी मनुष्यालाही दान चांगले पडले तर तो मोक्षाला पोचतो! मग हा पट शिकवतो तरी काय? मोजणी शिकवतो, घरांची नावे पाठ करून घेतो, आणि शिखराजवळ येऊन पुन्हा तळाशी जाण्याची वेळ आली तरी कवड्या फेकून न देता डाव पुढे चालवावयास लावतो. याहून अधिक जे काही शिकावयाचे, ते पटात नव्हतेच. ते पटाशेजारी बसलेल्या माणसाच्या बोलण्यात होते. “आजोबा, मत्सर म्हणजे काय हो?” असे नातवाने विचारावे आणि आजोबांनी चार गोष्टी सांगाव्यात, यासाठी तो पट हे एक निमित्त होते.

हे म्हणण्याला इतिहासाचाच पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तेथील लोकांनी आरंभी आपल्या समजुतीप्रमाणे सद्गुण-दुर्गुणांची नावे घातली. पुढे हळूहळू ती नावे गळून पडली आणि साप, शिड्या व आकडे तेवढे उरले. आज बाजारात मिळणाऱ्या सापशिडीवर क्रोध नाही की दया नाही. खेळ जसाच्या तसा राहिला, गंमतही तेवढीच राहिली, आणि धडा मात्र वाटेत सांडला. कोणाच्या ते लक्षातही आले नाही!

पडद्यावरच्या खेळांचा विचार करताना ही सापशिडीची हकीकत स्मरणात ठेवली पाहिजे. एखाद्या खेळावर ज्ञानाचे चित्र रंगवले म्हणून तो ज्ञान देतो असे नाही. खेळणाऱ्याला तो पुनःपुन्हा काय करावयास लावतो, तेच तो शिकवतो.

व्हिडिओ गेम ही वस्तू वाटते तितकी नवी नाही. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाने असा एक खेळ तयार केला. प्रयोगशाळा पाहावयास येणारे लोक यंत्रांकडे नुसते बघून कंटाळतात, हे त्याने पाहिले होते. विजेच्या लहरी दाखविणाऱ्या उपकरणाच्या चिमुकल्या वाटोळ्या पडद्यावर त्याने एक प्रकाशाचा ठिपका चेंडूसारखा जाळ्यावरून इकडून तिकडे उडेल अशी योजना केली. चेंडू हवेतून कसा वर जातो आणि कसा खाली येतो याचे गणित त्या यंत्रात भरलेले होते. लोकांनी तो खेळण्यासाठी रांगा लावल्या. खेळणाऱ्यांना गणित दिसले नाही, त्यांना चेंडू दिसला.

शाळेतील मुलांना शिकविण्यासाठी म्हणून मुद्दाम तयार झालेल्या आणि पुढे जगभर गाजलेल्या खेळाची कथा याहून मनोरंजक आहे. १९७१ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डॉन रॉविच हा तरुण शिक्षकाचा अनुभव घेण्यासाठी एका शाळेत आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवीत होता. एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबे बैल जोडलेल्या गाड्यांतून सुमारे दोन हजार मैलांचा प्रवास करून अमेरिकेच्या पश्चिम टोकाच्या ऑरेगन प्रांतात गेली. तो पाठ त्याला शिकवावयाचा होता. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे त्याचे दोन मित्र गणिताचे शिक्षक होते आणि त्यांना संगणकाला आज्ञा लिहून देण्याची विद्या अवगत होती. तिघांनी मिळून थोड्याच दिवसांत ‘ऑरेगन ट्रेल’ हा खेळ उभा केला. शाळेत संगणक नव्हता, पडदाही नव्हता. दूरध्वनीच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडलेले एक टंकयंत्र होते; त्यावर मुलांनी उत्तर टंकित करावयाचे आणि यंत्राने पुढचा मजकूर कागदावर छापून द्यावयाचा, असा तो खेळ होता!

प्रवासाला निघण्यापूर्वी मुलांच्या हाती ठरावीक रक्कम दिली जाई. त्यांतून बैल, अन्न, कपडे, बंदुकीची दारूगोळी आणि इतर सामान किती घ्यावयाचे, हे त्यांनीच ठरवावयाचे. चांगले बैल घेण्यात पैसे संपले तर पुढे अन्न तुटणार. अन्न भरपूर घेतले आणि कपडे कमी घेतले तर डोंगरातील थंडी भोवणार. शिकार करावयाची तर ठरलेला शब्द चटकन आणि न चुकता टंकित करावा लागे. वाटेत आजार येई, चाक मोडे, वादळ होई. पहिल्या खेपेला बहुतेकांची गाडी मुक्कामाला पोचत नसे. मग मुले भांडत, हिशेब करीत आणि पुन्हा निघत. त्यांनी आपसात कामेही वाटून घेतली: ज्याची बोटे चपळ त्याने शिकार सांभाळावी, एकाने नकाशा पाहावा, जो पैशाला जपणारा त्याने खरेदी करावी. शिक्षकाने हे काही त्यांना सांगितले नव्हते.

तथापि या खेळाचे खरे शैक्षणिक मोल पुढे वाढले. रॉविचने काही वर्षांनी त्या काळच्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचून काढल्या. वाटेत आजार किती वेळा आला, वाईट हवा कोठे लागली, हे पाहून त्याने खेळातील संकटांचे प्रमाण त्याप्रमाणे बदलले. म्हणजे कवड्यांचे दान जणू इतिहासाला विचारून पडू लागले. मोक्षपटात जी उणीव आपण पाहिली, ती येथे बरीच भरून निघाली. कारण येथे खेळणाऱ्याला निवड करावी लागते आणि त्या निवडीचे फळ त्याच्याच पदरात पडते.

उणीव मात्र येथेही होती. तो खेळ गाडीत बसलेल्यांच्या बाजूने लिहिलेला होता. ज्यांच्या भूमीवरून त्या गाड्या गेल्या, ते मूळचे अमेरिकावासी लोक जुन्या खेळात कडेलाच उभे होते. २०२१ साली या खेळाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा त्या समाजातील इतिहासकारांचा सल्ला घेऊन त्यांनाही त्यात स्थान देण्यात आले. पाठ्यपुस्तक कोणी लिहिले हे जसे विचारावे, तसेच खेळाचे नियम कोणी लिहिले हेही विचारावयास हवे.

खेळातून मन इतके लवकर का शिकते, याचे कारण चुकीत आहे. वर्गात गणित चुकले की वही तपासून येईपर्यंत एक दिवस जातो, शिवाय चारचौघांत लाजही वाटते. खेळात चूक झाली तर ती त्याच क्षणी कळते. तिची कोणी नोंद ठेवीत नाही आणि दुसरा डाव लगेच मांडता येतो. चांगला खेळ करणारा आणखी एक युक्ती योजतो. पहिली पायरी इतकी सोपी ठेवतो की कोणालाही चढता यावी, आणि पुढची प्रत्येक पायरी मागच्यापेक्षा थोडीच उंच. पोहायला शिकविणारा माणूस मुलाला आधी विहिरीच्या पायरीवर बसवून पाय मारावयास लावतो, त्यातलाच हा प्रकार.

मुलांना शिकविणारे कोणी नसले तरी ती एकमेकांकडून किती शिकतात, याचा एक प्रयोग आपल्या देशात झाला. १९९९ साली डॉ. सुगत मित्र यांनी दिल्लीतील कालकाजी भागात एका भिंतीला भोक पाडून त्यात संगणक बसविला आणि शेजारच्या गरीब वस्तीतील मुलांना तो खुला ठेवला. शिक्षक नेमला नाही, सूचना लिहिली नाही. मुलांनी तो हाताळत हाताळत चालविला. पडद्यावर हलणाऱ्या बाणाला ती ‘सुई’ म्हणू लागली, आणि यंत्र काम करीत असताना जे वाळूचे घड्याळ दिसे त्याला ‘डमरू’! पुढे कोकणातही, रत्नागिरीला लागून असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काही गावांत, असे संगणक मांडले गेले. त्यांवर शिकलेल्या मुलांविषयीचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. संगणक हा विषय वर्गात न शिकता केवळ अशा संगणकावर हात बसविलेली मुलेही आठवीची त्या विषयाची परीक्षा देऊ शकली, असे त्यात आढळले. अर्थात याची दुसरी बाजूही नोंदली गेली आहे. दिल्लीचा प्रयोग पाहून आलेल्या काही निरीक्षकांच्या मते मुलांचा बराचसा वेळ चित्रे रंगविण्यात आणि खेळण्यातच जाई. यंत्र चालविता येणे आणि यंत्राकडून ज्ञान मिळविणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पोथीची पाने उलटता येणे म्हणजे पोथी वाचता येणे नव्हे.

“खेळाने बुद्धी तल्लख होते,” असे जाहिरातीत पुष्कळदा म्हटलेले असते. त्यात कितपत तथ्य आहे? २००३ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी दाखवून दिले की, वेगवान खेळ खेळणारी माणसे एकाच वेळी पडद्यावरील अनेक गोष्टींवर अधिक चांगले लक्ष ठेवू शकतात, आणि न खेळणाऱ्यांना दहा तास सराव दिला तरी त्यांच्यात काही सुधारणा दिसते. हे मान्य करावयास हवे. पण दुसरा एक अनुभव याहून बोलका आहे. १९८४ साली मॉस्कोतील अलेक्सेई पाझित्नोव्ह यांनी ‘टेट्रिस’ हा खेळ रचला. वरून पडणारे चौकोनी तुकड्यांचे आकार फिरवून खाली नीट बसवावयाचे, एवढाच तो खेळ. या खेळात पटाईत असलेल्यांची परीक्षा घेतली तेव्हा असे दिसले की, टेट्रिसमधील आकार मनातल्या मनात फिरविण्यात ते इतरांपेक्षा पुढे होते. पण निराळे आकार दिले की त्यांची आघाडी नाहीशी झाली. जे शिकले, ते तेवढ्यापुरतेच शिकले. म्हणून पडद्यावर मोटार पळविणाऱ्याने आपल्याला मोटार येते असे समजू नये, आणि पडद्यावर होडी हाकणाऱ्याने खाडीत उतरू नये!

मात्र खेळाचे नियम जर निसर्गाच्या नियमांवर बेतलेले असतील, तर खेळणाऱ्यांच्या हातून खरेखुरे नवे ज्ञानही निर्माण होऊ शकते. आपल्या शरीरातील प्रथिने ही लांब साखळीसारखी असतात आणि ती साखळी विशिष्ट रीतीने घडी पडून बसते. ही घडी कशी आहे हे शोधणे अतिशय अवघड असते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ साली ‘फोल्डइट’ नावाचा खेळ काढला. त्यात खेळाडूंनी पडद्यावर अशा साखळ्यांच्या घड्या घालावयाच्या. घडी निसर्गनियमांना जितकी धरून, तितके गुण अधिक. माकडांना होणाऱ्या एड्ससारख्या रोगाच्या विषाणूतील एका प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडली नव्हती. २०११ साली या खेळातील खेळाडूंनी ती अवघ्या तीन आठवड्यांत उलगडून दाखवली. त्यांपैकी पुष्कळांनी हा विषय कधी शिकलेलाही नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातही हे खेळ तयार होतात. पुण्यातील नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. राजी ही लहान मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधण्यास निघते, अशी त्याची कथा आहे, आणि त्यातील वाडे, महाल व देवदेवता आपल्या पुराणांतून आणि चित्रकलेतून घेतलेल्या आहेत. परदेशी राजवाडे पाहून पाहून कंटाळलेल्या डोळ्यांना तो एक विसावा आहे.

आता वडील मंडळींच्या काळजीविषयी. ती निराधार नाही. मोक्षपटाचा डाव संपला की पट गुंडाळून फडताळात जाई; कवड्या कोणाला हाका मारीत नसत. आजचे पुष्कळसे खेळ मात्र संपूच नयेत अशा बेताने रचलेले असतात. ते रोज बक्षिसाची आठवण करून देतात, मित्र पुढे गेल्याचे सांगून हुरहुर लावतात आणि सहज हाती न लागणारी वस्तू पैसे देऊन घ्या म्हणतात. अशा वेळी खेळाचे नियम मुलांच्या शिकण्यासाठी लिहिलेले नसतात, ते दुकानदाराच्या गल्ल्यासाठी लिहिलेले असतात. खेळावरचा ताबा सुटून झोप, अभ्यास आणि माणसे दूर जाऊ लागणे, या अवस्थेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगांच्या यादीत स्थान दिले आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा भारताच्या संसदेने २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये संमत केला. सारीपाटावर राज्य हरणाऱ्या धर्मराजाची कथा ज्या देशात प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, तेथे हे उमगण्यास इतका काळ लागावा, हे नवलच.

खेळ खेळण्याहून अधिक शिकविणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे खेळ तयार करणे. त्यासाठी लहान मुलांना जमेल अशी साधने आता मिळतात, अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने २००७ साली खुले केलेले ‘स्क्रॅच’ हे त्यांपैकी एक. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून चित्रे हलविता येतात. समजा, पावसच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने आपल्या परिसरावरच खेळ रचावयाचे ठरविले. जवळच पूर्णगडापाशी मुचकुंदी नदीची खाडी समुद्राला मिळते. खेळ असा की, मासळी घेऊन आलेली होडी भरतीच्या पाण्यावर खाडीत शिरली पाहिजे. ओहोटी लागली तर ती गाळात रुतणार. होडीचे चित्र काढणे सोपे. पण भरती केव्हा येणार हे संगणकाला सांगावे लागेल, आणि ते सांगणाऱ्याला आधी स्वतःला ठाऊक पाहिजे.

येथे किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारांची पाऊणपट तीन. म्हणून भरती तीनच्या सुमारास, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. अष्टमीला सहाचा सुमार, पौर्णिमेला सव्वाअकराचा. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात, म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पौर्णिमेला आणि अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढणार. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे ते बेताचेच चढणार. एवढे ठोकळे जुळले की होडी सोडावी. ती रुतली, तर नियम कोठे चुकला ते पाहण्यासाठी पंचांग उघडावे लागेल, कोणा नाखव्याला गाठावे लागेल, किंवा पाऊस उघडल्यावर प्रत्यक्ष खाडीवर जाऊन पाण्याची रेघ कोणत्या दगडापर्यंत आणि किती वाजता आली, हे वहीत टिपून घ्यावे लागेल.